पँटोमाइम मुका नसतो हो, चांगला बडबड्या असतो

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. विषय पँटोमाइम, थोडक्यात पँटो: इंग्लंडात ख्रिसमसच्या दिवसांत होणारं, परीकथांवर बेतलेलं गाण्या-विनोदांचं नाटक. तुमचे आक्षेप असे: पँटोमाइम म्हणजे मूकनाट्य, मग १९६९च्या 'कॅरी ऑन ख्रिसमस' या ब्रिटिश विनोदी टीव्ही कार्यक्रमाला मी तो शब्द लावलाच कसा? त्यातला विनोदी नट फ्रँकी हॉवर्ड भूमिका सोडून प्रेक्षकांशी बोलत बसतो, त्याला अभिनय कुठे येतो? आणि 'पँटोत नायक कायम बाईच करते' हे माझं विधान चूक.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. 'कायम' हा शब्द नडला. लंडन पॅलेडियम या थिएटरात १९५६ साली नॉर्मन विझ्डम अल्लादीन झाला होता, १९६४ साली क्लिफ रिचर्ड. १९७० साली गायिका सिला ब्लॅक आली तेव्हा कुठे तिथला अल्लादीन पुन्हा बाईच्या वाट्याला गेला. लेखात दुरुस्ती केली आहे.

मूकनाट्याचं मात्र पटलं नाही. इंग्लंडात १८४३पर्यंत संवादी नाटक करायचा हक्क मोजक्या परवानेवाल्या थिएटरांनाच होता. बाकीच्यांनी नाच, संगीत, हावभाव यांवर भागवायचं. त्या वर्षी कायदा बदलला आणि पँटोला जी वाचा फुटली ती आजतागायत बंद झालेली नाही. कोट्यांचा तर सुकाळ. १८६१ साली हेन्री बायरन या नाटककाराने अल्लादीनच्या आईचं नाव ट्वँकी ठेवलं, एका चिनी हिरव्या चहावरून! आपल्याकडे एखादीला 'गवतीचहाबाई' म्हणावं, तसं. आणि ही आई करतो पुरुष. गवळणीतल्या मावशीला हसणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागू नये.

आता हॉवर्ड. तो व्हरायटीच्या, म्हणजे गाणी, नकला, विनोद अशा मिश्र कार्यक्रमांच्या रंगमंचावर तयार झालेला नट. तिथे समोरच्या लोकांशी बोलणं हीच रोजची भाकरी. या कार्यक्रमात बार्बरा विंडसर सिंड्रेला आहे आणि तिची परी म्हणजे हॉवर्ड. झगा घातलेला हा बाप्या खरोखरीची परी वाटावा अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. गंमत आहे ती 'मला हे काय करायला लावलंय' असं तो तुम्हाआम्हाला डोळ्यांनी सांगतो त्यात. तुम्हाला जे अडखळणं वाटलं, ते 'ऊऽऽ', ते अर्धवट सोडलेलं वाक्य, हे सगळं तो घोटून घोटून बसवायचा. रंगमंचावर सहज वाटावं म्हणून घरी किती घाम गाळला असेल!

विनोद पांचट आहेत, हे मान्य. कार्यक्रमाचा लेखक टॅलबट रॉथवेल, त्याच्या लेखणीतून दुसरं काय येणार? मला आवडतात, तुम्हाला नाही. तिथे वाद नाही.

जाता जाता, त्याच्या पुढच्या वर्षीचा, १९७०चा 'कॅरी ऑन' ख्रिसमस कार्यक्रम कृष्णधवल का, असंही तुम्ही विचारलं आहे. आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर रंग आला १५ नोव्हेंबर १९६९ला. वर्षभराने तंत्रज्ञांनी रंगीत कॅमेऱ्यावर काम करण्यासाठी जादा पगार मागितला, तो मिळेना, म्हणून रंगीत चित्रण बंद ठेवलं. त्यात हा कार्यक्रम सापडला.