कानात जागा शिल्लक नाही

बर्फावरचं हेल्मेट ज्याने कुणी बेतलं, त्याने कान या अवयवाचा विचार केलाही असेल. माझ्या कानाचा मात्र नक्की केलेला नाही. माझ्या कानात आजीच्या कुड्या आहेत. कानामागे चष्म्याची काडी आहे. त्यावरून माकडटोपी, महाबळेश्वरला एसटीतून पाय खाली ठेवण्याआधीच काकालोक चढवतात तीच. टोपीतून बाहेर यायला धडपडणारी वेणी आहे. आणि या सगळ्यांवर हेल्मेटची कानपट्टी. अशा ठिकाणी नवऱ्याने, लोकलमध्ये चौथी सीट मागावी तसं, "जरा सरकून घे, स्पीकर बसवू," असं जाहीर केलं.

आम्ही डेन्व्हरला राहतो. इथे हिवाळ्यात घरी बसलेला माणूस आजारी तरी असतो, नाहीतर संशयास्पद. लेक स्नोबोर्ड करते, म्हणजे एकाच रुंद फळीवर आडवी उभी राहून बर्फावरून घसरते, म्हणून मी चाळिशीनंतर स्कीइंग शिकायला लागले. आम्ही स्कीइंगला जातो त्या लव्हलँडचा नुसता पायथाच ३,२९० मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवायची, तिथे धापा टाकत बूट घालायचे, आणि मग तारेवरून जाणाऱ्या उघड्या पाळण्यात बसून आणखी वर जायचं. शिकवणारे सगळं खाण्याच्या भाषेत शिकवतात. दोन्ही स्कींची, म्हणजे बुटांखालच्या लांब पट्ट्यांची, पुढची टोकं जवळ आणली की तो पिझ्झा, वेग कमी. स्की समांतर ठेवल्या की फ्रेंच फ्राइज, मग देवाचं नाव. मी आजवर पिझ्झावरच उतरत आले आहे. "कानात गाणं असलं की भीती जाते," हा नवऱ्याचा सिद्धांत. तो स्वतः स्कीइंग करत नाही. खाली हॉट चॉकलेट पीत सिद्धांत मांडतो.

स्पीकर म्हणजे चाळीसेक मिलिमीटरच्या दोन चकत्या. हेल्मेटच्या कानपट्टीला आतून एक चोरखिसा असतो, त्यात त्या सरकवायच्या, की झालं. पण पाच मिनिटांत झालेलं काम आमच्या घरात काम मानत नाहीत. नवऱ्याने कानपट्ट्या काढल्या, अस्तर सोडवलं आणि आतला फोम बघून त्याचे डोळे लकाकले. तो फोम म्हणजे आपला थर्माकोलच, जरा घट्ट दाबलेला. डोंबिवलीतल्या सोसायटीच्या गणपतीसाठी या माणसाने तरुणपणी थर्माकोलचे महाल कोरलेले आहेत. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली, तेव्हा तो इथे बसून हळहळला होता. आता त्याच्या हातात कटर आणि समोर थर्माकोल. "इथे एवढीशी खाच मारली की चकती मस्त बसेल," असं म्हणत तो मापं घ्यायला लागला.

मी हेल्मेट अक्षरशः हिसकावून घेतलं. डोकं आपटलं की तो थर्माकोल चिरडतो आणि धक्का स्वतः गिळतो, एवढंच त्याचं काम. म्हणून तर एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट टाकून द्यायचं असतं. त्यात कोरीव काम करायचं, तर मग डोक्यावर मखरच घालून जाते की! शेवटी तहात ठरलं, की चकत्या चोरखिशातच राहतील. आता खिसा मोठा आणि चकती लहान. बसवताना कानावर असलेली चकती हेल्मेट घालेतो जबड्यावर उतरते. त्यामुळे पहिलं गाणं मला दाढेतून ऐकू आलं.

पुढची पायरी फोनशी जोडणी. ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड नावाच्या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून आलंय. त्याने म्हणे डेन्मार्कमधल्या भांडणाऱ्या टोळ्या एकत्र आणल्या. आमच्या घरी तीन फोन, दोन टीव्ही, एक गाडी आणि एक हेल्मेट आहे. हॅराल्डने यावं आणि करून दाखवावं.

त्याची सर्वांत मोठी हार आय-७० या महामार्गावर झाली. हेल्मेट डिकीत होतं आणि चालू राहिलं होतं. नवऱ्याच्या फोनने गाडीशी काडीमोड घेऊन हेल्मेटशी सोयरीक केली. रस्ता सांगणारी बाई त्यामुळे डिकीत, माझ्या हेल्मेटच्या कानाशी लागून, मन लावून रस्ता सांगत होती. "ही आज इतकी गप्प कशी?" असं नवरा म्हणाला, तेव्हा लव्हलँडचा फाटा मागे पडला होता आणि आम्ही आयझेनहॉवर बोगद्यात शिरलो होतो. तो फाटा चुकला की पुढचा थेट अकरा मैलांवर, सिल्व्हरथॉर्नला. आधी डोंगराच्या पोटातून पावणेदोन मैल, मग नुसता उतार. या बोगद्याच्या वरच लव्हलँडच्या घसरपट्ट्या आहेत. म्हणजे ज्या डोंगरावरून घसरायला आलो, त्याच्या पोटातून गेलो आणि तसेच परत आलो. लेक मागच्या सीटवर होती. तिला डिकीतला आवाज पहिल्यापासून ऐकू येत होता. "मला कुणी विचारलं?" असं ती म्हणाली.

बर्फावर पोचल्यावर नवे प्रश्न. फोन बाहेरच्या खिशात ठेवला तर थंडीने बॅटरीच्या आतल्या हालचाली मंदावतात आणि निम्मी भरलेली असतानाही फोन डोळे मिटतो. आतल्या उबदार खिशात ठेवला तर मधे मी येते. माणसाच्या अंगात पाणीच फार, आणि ब्लूटूथच्या लहरींना पाणी मानवत नाही. एका कुशीवर वळलं की गायक अर्ध्या तानेत गायब होतो, दुसऱ्या कुशीवर वळलं की समेवर हजर.

पण खरी गंमत बटणाची आहे. जाड हातमोज्यांनी दाबता यावं म्हणून डावी अख्खी चकतीच बटण केलेली आहे. एकदा दाबलं की गाणं थांबतं, दोनदा दाबलं की पुढचं, तीनदा दाबलं की मागचं. ही सोय करताना, माणूस डाव्या बाजूला पडतोही, हे कुणाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. मी साधी पडले की संगीत थांबतं. पडून एक गचका खाल्ला की पुढचं गाणं लागतं. आणि डावा गाल बर्फावर टेकवून घसरत गेले, की ते दाबून धरल्यासारखं होतं. मग फोनमधली मदतनीस जागी होते आणि मी कुठल्याशा झाडाच्या दिशेने निघालेली असताना अत्यंत शांतपणे विचारते, "मी आपली काय मदत करू?"

गाण्यांची यादी नवऱ्याने लावली होती. भूपाळ्यांपासून सुरुवात, मग अभंग, मग भावगीतं, शेवटी लावण्या. लेक खाली उभी राहून वर न बघताच विचारते, "काय चालूए?" लावणी म्हटलं की तिला हिशोब कळतो.

विनोद बाजूला ठेवून सांगते, दोन्ही कान बंद करून या उतारावर येण्यात शहाणपण नाही. नियमाने खाली असलेल्याचा मान पहिला, वरच्याने त्याला चुकवायचं. पण वरच्याचं येणं खालच्याला कळतं ते कानानेच. स्नोबोर्डवाला आडवा उभा राहून येतो, त्याला पाठीमागचं दिसत नाही. त्याच्या बोर्डाची कडा घट्ट बर्फावर खर्रर्र करते, ती ऐकून मी कडेला सरते. "ऑन युअर लेफ्ट!" अशी आरोळी देणारे सज्जनही असतात, पण माझ्या डाव्या कानात तेव्हा कुणीतरी विठ्ठलाला आळवत असतं. म्हणून मी उजवी चकती काढून टाकली आणि डावीचा आवाज कमी ठेवला. नवऱ्याला स्टिरिओ मोडल्याचं दुःख आहे. ते त्याने हॉट चॉकलेटसोबत गिळावं.

डावी ठेवली ती गाण्यांपेक्षा आईसाठी. ती ठाण्याला, आमच्यापेक्षा साडेबारा तास पुढे. मी रविवारी सकाळी पाळण्यात बसते तेव्हा तिची मालिका बघून झालेली असते आणि झोप आलेली नसते. परवा तिचा फोन आला तेव्हा लेक माझ्या उजवीकडे बसली होती.

"काय गं, वाऱ्यात आहेस का? कान बांधलेस?" डावा कान म्हणाला.

"आई, स्कीची टोकं वर धर, उतरायची जागा येतीये," उजवा म्हणाला.

"बांधलेत," असं मी लेकीला सांगितलं आणि "धरते," असं आईला.

"काय धरतेस? कुणाला?"

आवाज वाढवायचा तर तो फोनवरूनच वाढतो, म्हणून हातमोजा काढला होता, तो मांडीवर ठेवला होता. आता तो मांडीवर नव्हता. खाली एका स्नोबोर्डवाल्याने तो आपल्या हेल्मेटवरून काढला आणि वर बघून काहीतरी ओरडला.

"कोण ओरडतंय गं तुझ्यावर?" आई म्हणाली. "दे त्याला फोन."