उत्सर्जन तेवढंच, टक्का कमी: होतकरू पर्यावरणमंत्र्यांसाठी चार युक्त्या

समजा, उद्या तुमच्या गळ्यात एखाद्या देशाचं पर्यावरण खातं पडलं. पडू शकतं. अर्थ, गृह, संरक्षण मागणाऱ्यांची रांग संपली की उरलेल्या खात्यांत हे हमखास असतं. मग नोव्हेंबर येतो, हवामान परिषद येते, परिषदेमागे पत्रकार येतात आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: यंदा तुमच्या देशाचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन किती टक्क्यांनी वाढलं? नवखे मंत्री इथेच गडबडतात आणि खरं काय ते सांगून मोकळे होतात. हात दाखवून अवलक्षण! उत्सर्जन कमी करायचं तर दोन-तीन दशकं जातात, खर्च होतो, शिवाय मतं जातात ती वेगळीच. टक्का कमी करायला एक हुशार सचिव आणि एक दुपार पुरते.

पहिलं काम म्हणजे आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाशी ताडून घट मोजायची ते वर्ष, नीट निवडा. सगळे देश एकाच वर्षापासून मोजत असतील, असा एक भाबडा समज आहे. युरोपीय संघ १९९० पासून मोजतो, अमेरिकेने पॅरिस कराराखाली आकडे दिले ते २००५ पासून, जपान २०१३ पासून मोजतो. हा काही पंचांग पाहून काढलेला मुहूर्त नाही. १९९० नंतर पूर्व जर्मनीतले जुनाट कारखाने धडाधड बंद पडले आणि ब्रिटनने कोळसा सोडून उत्तर समुद्रातला वायू धरला. म्हणजे घसरणीचा मोठा हप्ता हवामानाची काळजी न करताच पदरात पडला. अमेरिकेचं उत्सर्जन २००५ च्या आसपास शिगेला होतं. पुढे खडकांतून काढलेला शेलचा वायू स्वस्त झाला आणि कोळसा आपोआप मागे पडला. जपानचं सगळ्यात देखणं. २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुकेंद्रात अपघात झाला, एकेक करत अणुभट्ट्या बंद पडल्या, त्यांची भरपाई कोळसा आणि वायू जाळून झाली आणि २०१३ मध्ये उत्सर्जन कळसाला पोहोचलं. तेच वर्ष पाया म्हणून धरलं. कापडदुकानात सेलच्या आदल्या रात्री छापील किंमत वाढवतात आणि सकाळी तीस टक्के सूट लावतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे दुकानदाराला संयुक्त राष्ट्रांत टाळ्या मिळतात.

रशियाचा अभ्यास तर मुद्दाम करा. सोव्हिएत संघ कोसळला, कारखाने बसले, उत्सर्जन आपोआप खाली आलं. १९९७ मध्ये क्योटोच्या हवामान करारात रशिया आणि युक्रेन यांना लक्ष्य काय मिळालं, तर १९९० च्या वर जाऊ नका. ते तर केव्हाच कितीतरी खाली येऊन बसले होते! न केलेल्या उत्सर्जनाचा हा हक्क मग विकायला निघाला आणि २००९ मध्ये जपानने युक्रेनकडून तो विकतही घेतला. पुढे रशियाने २०३० साठी वचन दिलं: उत्सर्जन १९९० च्या ७० टक्क्यांच्या आत ठेवू. म्हणजे आहे तिथून निवांत वाढायला जागा ठेवून केलेली ३० टक्क्यांची कपात. याला म्हणतात दूरदृष्टी.

आणि ऑस्ट्रेलिया! त्याच क्योटोत बाकीचे श्रीमंत देश पाच-सहा-आठ टक्के कपातीवर घासाघीस करत होते, तेव्हा ऑस्ट्रेलियाने आपल्यासाठी आठ टक्के वाढ मंजूर करून घेतली. वर एक कलम असं घालून घेतलं की १९९० मध्ये जंगलं साफ करून झालेलं उत्सर्जनही आधारवर्षात धरायचं. त्या सुमारास क्वीन्सलँडमध्ये झाडतोड जोरात होती, ती पुढे ओसरलीच होती. कोळसा तसाच, गाड्या तशाच आणि ताळेबंद हिरवागार. वाटाघाटी करणाऱ्याला घरी गेल्यावर मंत्रिमंडळाने टाळ्यांनी उचलून धरलं म्हणतात. तुमचंही तेवढंच ध्येय असावं.

एवढं करूनही आधारवर्ष सापडत नसेल, म्हणजे तुमचा देश दरवर्षी वाढतोच आहे, उतरणीचं एकही वर्ष हाताशी नाही, तर टन सोडा आणि तीव्रता धरा. दर रुपया जीडीपीमागे किती धूर, हा तो हिशेब. आपल्याला हा चांगला मानवला आहे. २००५ ते २०२० या काळात भारताच्या जीडीपीची उत्सर्जन तीव्रता ३६ टक्क्यांनी घटली, हे सरकारी आकड्यांतलं सत्य आहे. त्याच काळात कार्बन डायऑक्साइड जवळपास दुप्पट झाला, हेही सत्यच. दोन्ही खरी आहेत. कोणतं आधी छापायचं, एवढंच तुमच्या हातात. चीननेही २००९ च्या कोपनहेगन हवामान परिषदेला हाच मार्ग धरला होता, तेव्हा संकोच करायचं कारण नाही.

आता वार्षिक वाढीच्या तक्त्याकडे वळू, कारण पत्रकार तोच फडकावणार. २०२३ चा अंदाज घ्या: भारत ८.२ टक्के वर, चीन ४ टक्के वर, अमेरिका ३ टक्के खाली, युरोपीय संघ ७.४ टक्के खाली. तुम्ही चीनचे असाल तर टक्क्यांवरच बोला, भारत तुमच्या दुप्पट दिसतो. तुम्ही भारताचे असाल तर तत्काळ टनांवर या, कारण चीनच्या चार टक्क्यांत आपल्या सव्वाआठ टक्क्यांच्या जवळपास दुप्पट टन मावतात. चीनचा एकूण आकडा वर्षाला बारा अब्ज टनांच्या घरात आहे, आपला तीनच्या. तुम्ही अमेरिकेचे असाल तर फक्त खालच्या दिशेचा बाण दाखवा आणि बसा. दरडोई चौदा टनांच्या आसपास हा विषय कुणी काढलाच तर हवापाण्याच्या गप्पा सुरू करा. हवापाणी हाच विषय आहे, त्यामुळे कुणाला संशयही येणार नाही.

दरडोई हे हत्यार मात्र भारताने म्यान करू नये. आपण माणशी दोन टन, जगाची सरासरी पावणेपाचच्या आसपास. आणि आजवरच्या एकूण जागतिक उत्सर्जनात अमेरिकेचा वाटा सुमारे चौथाई, आपला तीन टक्क्यांच्या आसपास. युक्तिवाद म्हणून यात खोट काढता येत नाही, आणि मी काढतही नाही. फक्त ही दोन टनांची सरासरी कोण सांभाळतं, ते परिषदेत बोलू नका. मलबार हिलवरच्या विसाव्या मजल्यावरचा माणूस आणि गडचिरोलीतली चुलीवर भाकरी थापणारी बाई एकाच सरासरीत बसतात. तिने गाडी घेतली नाही, एसी लावला नाही, विमानात बसली नाही, म्हणून देशाचा आकडा शोभून दिसतो. तिचे आभार मानायचे असतील तर मनातल्या मनात माना. (चीनने दरडोईचं नाव आता जरा बेतानेच काढावं, युरोपीय संघाला त्यांनी त्यात मागे टाकलं आहे.)

यापुढची युक्ती प्रौढांसाठी: धूर दुसऱ्याच्या अंगणात सोडा. नियम असा आहे की कार्बन जिथे जळतो तिथल्या देशाच्या नावावर चढतो. वापरणारा कुठला, हे कुणी विचारत नाही. लाओसच्या होंगसा गावाजवळ लिग्नाइट या हलक्या कोळशावर चालणारं १,८७८ मेगावॉटचं वीजकेंद्र २०१५-१६ मध्ये सुरू झालं. तोवर लाओसची वीज बहुतेक नदीच्या पाण्यावर. केंद्र सुरू झालं आणि लाओसच्या उत्सर्जनाचा आलेख शिडी लावल्यासारखा उभा राहिला. वाढीच्या टक्केवारीत भले भले देश मागे पडले. वीज मात्र बहुतांश थायलंडला जाते आणि मालकीचा ऐंशी टक्के हिस्सा थाई कंपन्यांचा. म्हणजे खाण लाओसची, राख लाओसची, टक्का लाओसचा, आणि बँकॉकच्या मॉलमध्ये गारवा. थायलंडच्या मंत्र्याला या बाबतीत काहीही करावं लागलं नाही, नुसतं बटण दाबायचं होतं. आपल्याकडे हाच प्रयोग राज्याच्या आत चालतो. २,९२० मेगावॉटच्या चंद्रपूर केंद्राचा धूर चंद्रपूरकरांच्या छातीत, मे महिन्यातला ४७ अंशांचा पारा चंद्रपूरकरांच्या डोक्यावर, आणि पुणे-मुंबईच्या सोसायटीत मात्र ‘आमच्याकडे हवा किती छान’ म्हणून गच्चीवर योगवर्ग. जिल्हानिहाय टक्केवारी कुणी मागत नाही, हे आपलं नशीब.

पोलादाचं उदाहरण तर पाठ करून ठेवा. सप्टेंबर २०२४. वीस तारखेला टाटा स्टीलने ओडिशात कलिंगनगरला देशातली सर्वांत मोठी झोतभट्टी (कोळशाच्या कोकवर लोखंड वितळवणारी ब्लास्ट फर्नेस) पेटवली. तीस तारखेला त्याच कंपनीने वेल्समध्ये पोर्ट टॅलबॉटची शेवटची झोतभट्टी विझवली. पुढेमागे तिथे विजेची भट्टी येईल. दहा दिवसांच्या अंतराने एकीकडे आग विझली, एकीकडे लागली. एक कारखाना उचलून दुसरीकडे नेला असं कुणी म्हणू नये. कलिंगनगरचं पोलाद भारताच्याच पुलांना आणि गाड्यांना लागणार आहे. पण वार्षिक तक्त्याला हे बारकावे कळत नाहीत. त्याला दिसतं ते इतकंच: ब्रिटन खाली, भारत वर. योगायोग असा की त्याच तीस तारखेला ब्रिटनने रॅटक्लिफचं कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्रही बंद केलं. १८८२ मध्ये लंडनला सुरू झालेला सव्वाशेहून अधिक वर्षांचा कोळशाचा संसार एका दिवसात आटोपला, आणि लंडनच्या मंत्र्याला एका वाक्यात दोन शुभवार्ता सांगता आल्या. पोर्ट टॅलबॉटच्या घरांत तीच शुभवार्ता नोकरकपातीच्या पाकिटातून आली, पण ती वार्षिक अहवालात येत नाही.

नॉर्वेने याहून सोवळं जमवलंय. देशात नवीन विकल्या जाणाऱ्या दहांपैकी नऊहून अधिक गाड्या विजेच्या, वीज धबधब्यांची, आणि समुद्रातून काढलेलं तेल-वायू बोटीत आणि नळात घालून शेजाऱ्यांकडे. जळेल ते जर्मनीच्या खात्यावर. विक्रीचे पैसे मात्र नॉर्वेच्या.

विमानं आणि जहाजं तर कुणाचीच नाहीत. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या प्रवासाचं इंधन राष्ट्रीय बेरजेत धरतच नाहीत, वेगळ्या रकान्यात लिहितात. म्हणून परिषदेला जाताना खुशाल बिझनेस क्लासने जा. त्या धुराला मायदेश नाही.

एखाद्या वर्षी आकडा तुमच्या बाजूने सरकला तर श्रेय धोरणाला द्या, विरुद्ध सरकला तर खापर आभाळावर फोडा. २०२३ चा ऑगस्ट आपल्याकडे १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला; धरणात पाणी कमी, जलविद्युत कमी, पंप आणि पंखे जास्त, म्हणून कोळसा जास्त. हे कारण अगदी खरं आहे, म्हणून आधी तेच वापरा. कोळशाचं उत्पादन वर्षाला शंभर कोटी टनांच्या पुढे नेल्याचा सोहळा मात्र दुसऱ्या मंत्रालयाकडून, वेगळ्या दिवशी करून घ्या. युरोपने उलट केलं: हिवाळा सौम्य गेला, युद्धाने वायू महागला, खतांचे आणि रसायनांचे कारखाने मंदावले, आणि पत्रक निघालं हरित संक्रमणाचं. त्यात पवनचक्क्यांचाही वाटा होता, म्हणून ते खोटं म्हणता येत नाही. उत्तम पत्रक असंच असतं. २०२० चं वर्ष तर कपाटात जपून ठेवा. टाळेबंदीने जगाचं उत्सर्जन पाचेक टक्क्यांनी उतरलं होतं. त्या वर्षी ते कौतुकाने २०१९ शी ताडून पाहायचं, आणि २०२१ च्या उसळीची तुलनाही २०१९ शीच करायची. मधलं वर्ष पाहुण्यांसमोर काढू नये.

लीप वर्षही लक्षात असू द्या. एकोणतीस फेब्रुवारीलाही बॉयलर चालतो, त्याने वर्षाचा आकडा पाव टक्क्याहून जरा जास्त फुगतो. हिशेबनीस तो वजा करतात. तुमच्या सचिवाला हे ठाऊक नसेल तर सचिव बदला.

आणि शेवटी मोजणी. बहुतेक ठिकाणी धुरांड्याला मीटर नसतो. किती कोळसा, किती तेल जळलं ते कागदावर मांडून गुणतात. म्हणजे सगळा खेळ कागदाचा. चीनने २०१५ मध्ये आपल्याच जुन्या नोंदी दुरुस्त केल्या, तर काही वर्षांत कोळसा आधी सांगितल्यापेक्षा १७ टक्क्यांपर्यंत जास्त जळला होता. एकट्या २०१२ मध्ये सुमारे ६० कोटी टन. खाणीतून नव्हे, फायलींतून निघालेला. जागतिक बेरीज त्या दुरुस्तीने हलली, पण कुणाचं खातं गेलं असं ऐकिवात नाही.

एवढं सगळं करूनही कुणी खोदून विचारलंच, तर नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेऊ असं वचन पाळायचं वर्ष सांगा. फिनलंड २०३५ म्हणतं, ते उतावीळ आहेत. जर्मनी २०४५, ब्रिटन २०५०, चीन २०६०, भारत २०७०. तुमचं वय त्या वर्षी किती असेल ते आधी मोजून घ्या; पंचाहत्तरीच्या आत येत असेल तर दहा वर्षं पुढे ढकला. ते जमत नसेल तर अमेरिकेसारखं पॅरिस करारातून बाहेर पडा, सरकार बदललं की आत या, पुन्हा बदललं की पुन्हा बाहेर. दार तेवढं तेलपाणी करून ठेवलेलं बरं.

परिषदेत चढत्या समुद्राने बुडायला आलेल्या बेटवाल्या देशांचे लोक भेटतील, तुवालूचे वगैरे. त्यांचा वार्षिक टक्का विचारू नका. आकडा इतका बारीक आहे की एक जनरेटर जास्त चालला तरी टक्केवारी उड्या मारते. त्यांच्याशी बोलायचंच तर ऑस्ट्रेलियाचं कौतुक करा. क्योटोत आठ टक्के वाढ मिळवलेल्या याच ऑस्ट्रेलियाने आता तुवालूशी करार करून वर्षाला २८० जणांना कायमचं राहायला यायची सोय केली आहे. तुवालूची लोकसंख्या साधारण अकरा हजार. भागाकार करत बसू नका, तुमच्या खात्यात तो येत नाही.