हाड जुळलं, पाय अजून यायचाय

एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं की आपल्याकडं माणूस बरा झाला. डॉक्टरच्या कागदावर बरा, कारखान्याच्या टाइम ऑफिसात बरा, गल्लीच्या कट्ट्यावर तर प्लास्टर निघालं त्याच दिवशी बरा. मग पुढचे कित्येक महिने तो लंगडत का चालतोय याचं उत्तर कुणाकडं नसतं, म्हणून लोक आपापलं उत्तर तयार करतात. भितोय. अंग राखून चाललाय. घरी बसायची चटक लागलीय. मला हे तिन्ही ऐकवून झालंय, त्यातलं एक तर मावसभावानं, चहा माझ्याच घरचा पीत.

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या वडगावात गल्लीच्या तोंडाशी गाडीवरून उतरताना शेवाळलेल्या फरशीवर पाय सटकला आणि घोटा मोडला. पंजा एकीकडं, नडगी दुसरीकडं. पडण्याची गोष्ट दोन सेकंदांची, ती सगळे मिटक्या मारत ऐकतात. त्यानंतरची गोष्ट लांबलचक आणि कंटाळवाणी आहे, तीच आज लिहितोय.

घोट्यात तीन हाडं भेटतात. वरून नडगीचं जाड हाड, त्याच्या शेजारी बाहेरच्या अंगाचं बारीक हाड, आणि या दोघांच्या मधल्या खाचेत खालून बसलेलं टॅलस. आत-बाहेर जे दोन उंचवटे हाताला लागतात त्या या खाचेच्या भिंती. मागच्या बाजूला नडगीच्याच हाडाची एक कड असते, ती बाहेरून कळत नाही. माझं तिन्हीकडून गेलं. डॉक्टर त्याला ट्रायमॅलिओलर म्हणतात. बाहेरून प्लेट बसली, आतून स्क्रू.

उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथ मशीनवर अर्धं आयुष्य काढल्यामुळं यातली एक गोष्ट मला लगेच पटली. टॅलस त्या खाचेत फक्त एक मिलिमीटर बाहेर सरकलं, तरी सांध्यातली एकमेकांना टेकणारी जागा सरासरी ४२ टक्क्यांनी कमी होते. रॅम्से आणि हॅमिल्टन या दोघांनी १९७६ साली हे मोजून दाखवलं. बुशच्या भोकात शाफ्टचा दांडा एवढा सैल बसला तर आमचा फोरमन जॉब तोंडावर मारेल. म्हणून ‘कशाला ऑपरेशन, हाडवैद्याकडं चल, कांबी बांधून घेऊ’ म्हणणाऱ्यांशी मी भांडलो नाही, खरं गेलोही नाही. सांध्यात गेलेली भेग बाहेरून हात फिरवून मिलिमीटरात बसत नाही.

आता वेळेचं बघा. हाड साधारण सहा ते बारा आठवड्यांत जुळतं. सगळ्यांना पाठ असतो तो एवढाच आकडा. त्या दरम्यान पाय टेकायचा नसतो किंवा अगदी बेताबेतानं टेकायचा असतो, त्यामुळं पोटरी आटून जाते. माझी प्लास्टरमधून बाहेर आली तेव्हा कातडी सालपटलेली आणि आत मांस लोंबतंय असं दिसत होतं. शेजारचा पाय दुसऱ्याच माणसाचा वाटावा. सांध्याभोवतीचे बंध, पडदे सगळं आखडलेलं. सांध्यातल्या कुर्चेला तर स्वतःचा रक्तपुरवठाच नाही, ती दुखावली की भरून येण्याची गती तुम्हीच समजा. सूज सहा महिने राहणं अगदी नेहमीचं, कुणाकुणाला वर्षभर. सकाळी घोट्याची हाडं दिसतात, दुपारी दिसेनाशी होतात, संध्याकाळी चपलेचा पट्टा लागत नाही. पाय खाली सोडून बसलो की जांभळा पडतो. अंगठ्यानं दाबलं की खळगा पडतो आणि सावकाश भरतो. शिरांमधलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचं, आणि पोटरीच जाग्यावर नाही. एवढं साधं गणित आहे. त्यात भित्रेपणा कुठून आला?

लोक मग क्रिकेटरची उदाहरणं देतात. द्या की. हार्दिक पंड्याचा घोटा १९ ऑक्टोबर २०२३ ला पुण्यात बांगलादेशविरुद्ध दुखावला, स्वतःच्याच बॉलिंगवर पायानं चेंडू अडवताना. ऑपरेशनची वेळ आली नाही. तरी तो परत मोठ्या स्पर्धेत दिसला ते पुढच्या मार्चमध्ये, आयपीएलला. मोहम्मद शमीचं टाचेचं ऑपरेशन फेब्रुवारी २०२४ मध्ये लंडनला झालं, आणि तो परत सामना खेळला नोव्हेंबरात, रणजीत. ही तिशीतली, रोज व्यायाम करणारी माणसं. दिमतीला बंगळूरची क्रिकेट अकादमी, तिथले फिजिओ, आणि दिवसभर बरं होण्याशिवाय दुसरं काम नाही. वडगावच्या पन्नाशीतल्या लेथवाल्यानं तीन महिन्यांत उभं राहावं असं वाटणाऱ्यांनी आधी शमीला फोन लावावा.

तीन महिने हा आकडा मात्र हवेतून आलेला नाही. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. कामावर असताना पाय मोडला तर गोष्ट निराळी, तिथं ९० टक्के, आणि बरे होईपर्यंत. कामावर येता-जाता झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध दाखवता आला तर, त्यातच धरतात. (हे बऱ्याच पोरांना माहीतच नसतं. संध्याकाळी सुट्टीनंतर पडले तरी घरीच पडलो म्हणून सांगून मोकळे होतात.) मी रविवारी पडलो, म्हणून ९१ दिवस. लांबलेल्या आजारांची वेगळी यादी आहे, त्यात न जुळलेलं किंवा उशिरा जुळणारं हाड बसतं. म्हणजे हाडानं दगा दिला तर सोय आहे. हाड शहाण्यासारखं जुळलं आणि पाय वाकायला तयार नसला, तर तो तुमचा घरगुती प्रश्न. आणि फिट सर्टिफिकेट एकदा मिळालं की मिळालं. माणूस चार तास उभा राहू शकतो पण आठ नाही, असं लिहायला त्या कागदावर रकाना नाही. काँक्रीटच्या फरशीवर लेथसमोर आठ तास म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

खरं मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. बरं झालं म्हणजे कशासाठी बरं झालं?

सपाट रस्त्यावर चालायला पाय घोट्यातून साधारण दहा अंश वर वाकला तरी भागतं. कमोड, टेबल, खुर्ची, गॅसचा ओटा अशा घरात दहा-पंधरा अंशांवर आयुष्य निघेल. आता उकिडवं बसून बघा. टाच जमिनीला टेकवून पूर्ण खाली जायला दहाच्या तिप्पट-चौपट वाकावं लागतं. आमच्या जुन्या घरात संडास देशी, न्हाणीघरात नळ गुडघ्याखाली, देवघर जमिनीवर. म्हणजे कागदावर फिट झालेला माणूस सकाळी उठल्यावर पहिल्याच कामाला नापास. त्यावर कुणी बोलत नाही कारण विषयच असा आहे, पण घोटा मोडलेल्यांनी एकमेकांत विचारून बघा. सगळ्यांचं पहिलं दुःख तेच निघतं.

मांडी घालण्याचं आणखी निराळं. प्लेट बसते बाहेरच्या हाडावर, आणि तिथं कातडीखाली मांस जवळजवळ नाहीच. मांडी घालून बसलं की नेमकी तीच बाजू जमिनीला लागते. खाली फरशी, वर अंगाचा भार, मध्ये कातडी आणि स्क्रूची डोकी. घरच्या पूजेच्या पंगतीत मी घडी घातलेली चादर घोट्याखाली सरकवून बसलो होतो. वाढपी पोरगं ओरडलं, “मामांना खुर्ची दे रे!” आणि सगळी पंगत वळून बघायला लागली. पोरानं चांगल्या मनानंच म्हटलं. पण खुर्चीवर बसून खाली बसलेल्या थोरल्यांच्या डोक्यावरून जेवायचं म्हणजे घास उतरत नाही.

फिजिओथेरपीला आपल्याकडं अजून मालीश समजतात. ऑपरेशनला दागिना गहाण टाकतील, पण फिजिओकडं चार वेळा जाऊन पाचव्यांदा ‘घरीच करतो’ म्हणतील. माझ्या मते ऑपरेशन हे अर्धं काम, आणि सोपं अर्धं, कारण ते तुम्ही झोपेत असताना दुसरं कुणीतरी करतं. माझी फिजिओ बैलहोंगलकडची पोरगी. मराठी बेताची, माझं कन्नड कारखान्यातलं, म्हणजे निम्म्या शिव्या. तिनं पहिल्या दिवशी विचारलं, काम काय करता? मी लेथ सांगितलं. मग विचारलं, घरी संडास कसला? कुठल्याही मोठ्या डॉक्टरनं मला हे विचारलं नव्हतं.

तिनं शिकवलेली एक गोष्ट कुणालाही करता येईल, डॉक्टरला विचारून. भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं, दुखरा पाय पुढं, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. टेकला की पाय थोडा मागं घ्यायचा, परत टेकवायचा. अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर म्हणजे तुमची कमाई. सुरुवातीला माझा अंगठा भिंतीला चिकटलेला असूनही गुडघा भिंतीपर्यंत पोचत नव्हता. ती टाचेवर हात दाबून धरायची आणि म्हणायची, “इन्नू स्वल्प, अण्णा, इन्नू स्वल्प.” म्हणजे अजून थोडं. मी घरी स्टीलची पट्टी भिंतीशी जमिनीवर चिकटवून टाकली. आमच्या धंद्याच्या माणसाला डोळ्यापुढं माप दिसल्याशिवाय चैन पडत नाही. आठवडाभरात दोन-तीन मिलिमीटर सरकलं तरी मी खूश, आणि एखाद्या आठवड्यात मागं गेलं तर बायकोला कळायचं, कारण मी चहात साखर कमी म्हणून कटकट करायचो. मागं जाणं असतंच. आदल्या दिवशी जास्त चाललं की सूज, सूज आली की वाकणं कमी. त्याला बिघडलं म्हणत नाहीत.

काठीचं पण सांगून टाकतो, कारण रस्त्यात दहातले आठ जण उलटी धरतात. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. सिनेमातला हिरो बघून शिकू नका. आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचं हाड उशिरा जुळतं, हे निपाणीचे पाहुणे समोर बसलेले असताना डॉक्टरनं सांगितलं. पाहुणे म्हणाले, तंबाखूवर आमची घरं उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, घरं राहू देत, पाय उभा राहू दे.

येळ्ळूरच्या एक काकू मला फिजिओकडंच भेटल्या. त्यांचाही घोटाच. चालायला लागल्या म्हणून त्यांना मोकळं केलं होतं, आणि त्या परत आल्या होत्या. म्हणाल्या, “चालाय येतंय बाळा, खरं चिखलात येत न्हाई.” लावणीला चिखलात पाय पिंडरीपर्यंत रुततो, तो ओढून काढायचा, मागं टाकायचा, वाकूनच राहायचं, दिवसभर. मागं पाऊल टाकताना खाली काय आहे दिसत नाही, ते पायालाच कळावं लागतं. घोट्याच्या दुखापतीत पहिल्यांदा जातं ते हेच. पाय कुठं, कसा पडलाय हे न बघता कळणं. म्हणून एका पायावर उभं राहायला लावतात, मग डोळे मिटून. त्या काकूंना जुलैत शेतात उतरायचं होतं. त्यांना सपाट खोलीत चालवून पास केलं हे कुठलं बरं होणं? त्यांच्यासाठी फिजिओनं मग जाड उशी जमिनीवर ठेवून त्यावर उभं केलं, मागं पाऊल टाकायला लावलं, हातात लावणीच्या रोपासारखं काहीतरी देऊन. बघून मी हसलो, काकू नाही हसल्या. त्यांना ते लगेच समजलं.

माझं म्हणणं एवढंच, घोटा मोडला तर पहिल्याच भेटीत आपलं काम आणि आपलं घर डॉक्टरला तोंडानं सांगा. लावणी, हातमाग, लेथ, डोक्यावर बुट्टी घेऊन जिना, देशी संडास, नमाज, पंगत, जे असेल ते. नाहीतर ते त्यांच्या पुस्तकातलं चालणं मोजतील आणि सोडून देतील. आणि कारखानदारांनो, तुमच्याकडं बसून करायचं काम असतं. मापं तपासायचं इन्स्पेक्शन असतं, जॉबच्या कडा घासायचं डीबरिंग असतं, हत्यारं द्यायची टूल क्रिब असते. दोन-तीन महिने तिथं बसवला तर वीस वर्षांचा कसबी माणूस हातचा जात नाही. मला सध्या अर्धी शिफ्ट इन्स्पेक्शनला बसवलंय, व्हर्नियर घेऊन, पाय स्टुलावर. पोरं साहेब म्हणून चिडवतात. चिडवू देत.

‘मन खंबीर ठेव’ म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगतो, माझं मन ठणठणीत आहे. बिचारं आखडलंय ते दुसरंच. खंबीर कुणाला म्हणायचं असेल तर बायकोला म्हणा. सकाळी माझं सगळं आवरून, शिलाईचं काम करून, परत संध्याकाळी माझ्या पायाखाली उशा रचायची. तिला भेटायला कुणी फळं घेऊन आलं नाही.

शेवटी कामाचं. माझ्याकडं एक वॉकर, कमोडची खुर्ची आणि कुबड्यांची जोडी पडून आहे. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर, खानापूरकडचं कुणीही येऊन घेऊन जा, पैसे नकोत, वापरून झाल्यावर पुढच्याला द्या. वॉकरच्या डाव्या पुढच्या पायाचं रबर झिजलंय, ते आधी बदला, ओल्या फरशीवर घात करेल. आणि ज्यांची प्लेट वर्षा-दोन वर्षांनी काढली असेल त्यांनी खाली लिहा, मांडी घालून बसायला फरक पडला का? मला ठरवायचंय.