झाडावरची नोटीस म्हणजे तोडीचा हुकूम नव्हे

‘महापालिकेने खोडाला नोटीस लावली की झाड गेलंच, आणि सोसायटीच्या आवारातल्या झाडाला तर परवानगीच लागत नाही’, असा मजकूर सध्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो आहे. यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

खोडावरची नोटीस निर्णयाच्या आधी लागते. कुणीतरी तोडीचा अर्ज केला आहे, हरकत असेल तर कळवा, एवढाच तिचा अर्थ. महाराष्ट्राच्या नागरी भागांसाठीच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार अशी सूचना वृत्तपत्रातही द्यावी लागते. म्हणून नोटिशीचा फोटो काढा, त्यावरचा क्रमांक आणि मुदत टिपून घ्या आणि उद्यान विभागात लेखी हरकत देऊन पोच घ्या. ग्रुपवर संताप व्यक्त करण्यात मुदत निघून जाते, याचं फार वाईट वाटतं.

जागा खासगी असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागतेच. या कायद्यात ‘तोडणे’मध्ये झाड जाळणं आणि त्याला इजा करणंही येतं, बुंध्याशी ॲसिड ओतणाऱ्यांनी हे नीट वाचावं. जीविताला तातडीचा धोका असेल तर सवलत आहे, पण ‘पानं पडून कचरा होतो’ हा धोका नव्हे.

२०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ ठरवलं. शिवाय तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावायची आहेत. परवानगी मिळालीच, तर ही नवी झाडं कुठे लावणार, हे लेखी विचारा.