मीटर कुठनं टाकणार?

सोलापुरात डोंगर नाही, हा मुद्दा मोहिमेच्या पहिल्या बैठकीत कुणीच काढत नाही. चहा येतो, वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीसाठी पैसे उभे करायचे ठरतं आणि पत्रकाचा मजकूर पक्का होतो: ‘कळसूबाई, १,६४६ मीटर. मीटरमागं एक रुपया द्या!’

मजकूर झकास. फक्त हे पत्रक चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्याच्या हातात पडणार आहे, याचा विचार झालेला नसतो. तो चष्मा वर सरकवतो आणि विचारतो, “मालक, मीटर कुठनं टाकणार?”

रास्त प्रश्न आहे. १,६४६ ही उंची समुद्रसपाटीपासूनची. सोलापूरच मुळात समुद्रापासून साडेचारशे मीटर वर बसलंय, ते आधी वजा. पायथ्याचं बारी गाव त्याहून उंच, तिथवर तुम्ही बसमध्ये घोरत जाणार, तेही वजा. पायानं चढायचे उरतात साडेआठशे मीटरच्या आसपास. माणशी एक देणगीदार धरला तर चढणाऱ्या चाळीस जणांचे कागदावरचे ६५,८४० रुपये एका चष्म्याखाली ३४,००० वर येतात. ‘मग उतरायचेही धरा की’ म्हणून चुकूनही बोलू नये. चढले साडेआठशे, उतरले साडेआठशे, बाकी शून्य, असा ताळेबंद तो तिथल्या तिथं मांडतो. फुटांत सांगायला जाल तर ५,४०० चा आकडा ऐकून लोक दुकानाचं शटर ओढतील. म्हणून मीटर-फूट सोडा. ठोक रक्कम मागा, आणि शक्यतो निघायच्या आधी घ्या. परत आल्यावर देतो म्हणणाऱ्याकडे जावं लागतं. त्याचं पुढं येईलच.

पावतीपुस्तक मात्र मनानं छापू नका. देणगी नोंदणीकृत संस्थेच्या नावानं, तिच्याच खात्यात आणि तिच्याच पावतीवर घ्या. तात्पुरतं मंडळ काढून गोळा करायचं असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली काढतात तीच. करसवलत हवी असणाऱ्याला दोन गोष्टी आधीच सांगा: २,००० च्या वर रोख दिली तर सवलत नाही, आणि जुन्या करपद्धतीत असाल तरच उपयोग. आणखी एक, बसभाडं, टी-शर्ट आणि फ्लेक्स चढणाऱ्यांच्या खिशातून. टाकीच्या पैशातून टी-शर्ट निघाले की टाकीचं झाकणसुद्धा येत नाही.

आता सराव. सपाट गावात साडेआठशे मीटर आणायचे कुठून? जिन्यातून. चार मजल्यांची इमारत बारा मीटर धरली तर सत्तर फेऱ्या होतात. एका दिवशी नाही; दहापासून सुरू करून सहा आठवड्यांत तीस-पस्तीसपर्यंत नेल्या तरी पुरे. शेवटी शेवटी पाठीवर पाच लिटरचा कॅन घ्यावा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पहिल्या दिवशी ‘काय हरवलं का?’ विचारतात, आठव्या दिवशी वर जाताना दळणाचा डबा द्यायला लागतात. घ्यावा, वजनच आहे. गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वज पेलणारे आधी कितीतरी दिवस सराव करतात, हे आपण लहानपणापासून बघतो. तरी कंबर तलावाला दोन चकरा मारल्या की डोंगराची तयारी झाली, असं निम्म्या मंडळींना वाटतं ते वाटतंच.

बुटांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण मोहीम तिथंच फसते. नवा बूट आदल्या दिवशी घेतला की टाचेला फोड. निदान तीन आठवडे तो घालून गावात हिंडा. पाच वर्षं कपाटात जपून ठेवलेला जुना बूट त्याहून घातकी. वरून नवा दिसतो, पण तळव्यातला फोम आतून कुजलेला असतो आणि दुसऱ्या तासाला सोल मगरीसारखा तोंड उघडतो. चिकटपट्टीचं एक रीळ बरोबर ठेवा. नखं दोन दिवस आधी कापा. उतरताना बोटं पुढं आदळतात आणि लांब नख काळंनिळं होतं. उतरायच्या आधी टाच मागं रेटून घोट्याजवळची नाडी पुन्हा आवळायची.

खाण्यात सोलापूरकराला तोड नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. टिकते, पोट धरते, घामातून गेलेलं मीठ परत देते. खोट एकच. पिशवीत ठेवली तर वर पोचेपर्यंत भाकरीचा चुरा होतो, म्हणून स्टीलचा डबा. आणि ती कोरडी खाल्ली की पाणी पितच राहावं लागतं, त्यामुळं माणशी तीन लिटर. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच घाला. अर्ध्या लिटरमध्ये घालून ‘कडक’ करणारे आणि पुडी थेट तोंडात रिकामी करणारे, दोघंही प्रत्येक गटात भेटतात.

सोलापूर ते बारी चारशे किलोमीटरच्या आसपास. शनिवारी संध्याकाळी निघालं तर पहाटे पोचतो. चालक दोन हवेत. आपण चढत असताना त्यांनी झोपायचं, आपल्याबरोबर फोटोला यायचं नाही. पुढं एक वाट माहीत असलेला, मागं एक शांत डोक्याचा. मागच्याच्या मागं कुणीही नाही, हा नियम. लोखंडी शिड्यांवर रविवारी रांग लागते. एका वेळी थोडेच चढा, दोन्ही हात मोकळे ठेवा आणि उतरतानाही तोंड शिडीकडेच. फ्लेक्सच्या काठ्या नेऊच नका, कापड गुंडाळून न्या. माथ्यावरच्या वाऱ्यात दहा बाय चारचा फ्लेक्स धरणं म्हणजे पतंगाला माणसं बांधण्यासारखं आहे. कळसूबाईचं देऊळ छोटं, भोवती जागा बेताची. प्रायोजकाचं नाव दिसेल असा फोटो एकदाच काढून बाजूला व्हा.

चढताना दम जातो, उतरताना मांड्या जातात. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार अडवतो, आणि त्याचं बिल लगेच येत नाही. रविवारी रात्री बसमध्ये सगळे गाणी म्हणतात. सोमवारी जरा अवघडल्यासारखं वाटतं. खरा ठणका मंगळवारी.

वसुलीचा दिवसही नेमका मंगळवारच ठरलेला असतो, आणि ‘परत आल्यावर देतो’ म्हणालेल्या देणगीदाराची पेढी तिसऱ्या मजल्यावर असते. लिफ्ट बंद. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत आपण वर पोचतो. तो चष्मा वर सरकवून आपल्याकडे बघतो, चेकबुक काढतो आणि म्हणतो, “बसा मालक. हे नऊ मीटर धरू का?”