घरी येणारी नर्स नक्की करते काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा, घरी येणाऱ्या नर्सवरच्या माझ्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून जरा सविस्तर लिहितेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की बीपी घरच्या मशीनवर मोजता येतं, शुगरही घरीच तपासता येते, औषध शेवटी डॉक्टरच लिहून देणार, मग नर्सने घरोघरी फिरून जास्तीचं काय होतं, थोडं ट्रेनिंग दिलं तर कुणीही करेल ते. आणि तुमच्या आईंसाठी आलेली नर्स पाच मिनिटांत रजिस्टर भरून निघून गेली.

शेवटच्या मुद्द्यावरचा तुमचा राग अगदी रास्त आहे. नुसतं रजिस्टर भरून जाणं म्हणजे होम व्हिजिट नाहीच. पण त्यावरून हे अख्खं कामच बिनकामाचं ठरवू नका.

इन्सुलिनचंच घ्या. डोस वाढवला तरी शुगर ताळ्यावर येत नाही, पेशंट क्लिनिकमध्ये सांगतो की मी रोज इंजेक्शन घेतो, आणि तो खोटं बोलत नसतो. घरी गेलेली नर्स म्हणते माझ्यासमोर घ्या बघू, पोटावर हात फिरवते तर एकाच जागी टोचून टोचून कातडीखाली गाठ झालेली असते, तिथे कमी दुखतं म्हणून माणूस तिथेच टोचत राहतो आणि तिथून इन्सुलिन कधी कमी कधी जास्त शोषलं जातं. मशीन फक्त आकडा दाखवतं, गाठ दाखवत नाही. बरं, नुसतं जागा बदला सांगूनही चालत नाही, कारण चांगल्या जागी तोच वाढवलेला डोस गेला तर शुगर एकदम उतरू शकते, म्हणून ती आधी डॉक्टरांशी बोलते. एवढं कळायला शिक्षण लागतं हो!

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचंही तेच. माकडहाडाच्या वर लाली दिसली की नर्स ती बोटाने दाबून बघते, दाबूनही जागा फिकी पडली नाही तर बेडसोरची (पडून पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात समजायची. सावळ्या कातडीवर लाली कळतच नाही, मग जागा गरम लागतेय का, कडक झालीय का हे हाताने चाचपावं लागतं. आणि त्याच वेळी ती सेवा करणाऱ्या माणसाकडेही बघते, रात्री कूस कोण बदलून देतं, त्याची झोप होते का, कंबर धरलीय का. फॅमिली हेल्थ म्हणतात ते हेच, पेशंट एक असला तरी आजारपण अख्खं घर काढत असतं.

आता ‘कुणीही करेल’ बद्दल. अमेरिकेत डेन्व्हरला पहिलटकरणींच्या घरी काहींकडे नर्सेस आणि काहींकडे ट्रेनिंग दिलेल्या साध्या कार्यकर्त्या पाठवून बघितलं होतं, २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले, कार्यकर्त्यांच्या भेटींचा परिणाम बहुतेक बाबतीत नर्सेसच्या साधारण निम्माच होता. प्रत्येक ठिकाणी असंच होतं असं मात्र मी म्हणणार नाही, इंग्लंडमध्ये २०१६ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात बाळाच्या पहिल्या दोन वर्षांत तरी नर्सच्या अशा खास भेटींचा फारसा जास्तीचा फायदा दिसला नाही, पण तिथे मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण) आणि हेल्थ व्हिजिटर (लहान बाळांच्या घरी जाणाऱ्या नर्स) सगळ्यांच्याच घरी आधीपासून जात होत्या, हेही लक्षात घ्या.

नर्सने परस्पर औषध बदलावं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी तुमच्याकडे कुणी आली की आईंच्या सगळ्या गोळ्या तिच्यासमोर ठेवा, जुन्या उरलेल्यासुद्धा, आणि कुठली कशासाठी, कुठली दुबार होतेय हे तिला बघायला सांगा. तेव्हाही टाळाटाळ केली तर तिच्या वरिष्ठांकडे जरूर तक्रार करा, माझी पोस्ट अशा कामचुकारपणाच्या बचावासाठी नाहीये.