न ऐकताच तोंड वाकडं करणाऱ्यांनो

डोकं फिरलंय आज, त्यामुळे सरळ लिहिते. हेवी मेटल संगीत आवडत नाही ना, नका ऐकू, कोणी जबरदस्ती केलीय? पण आयुष्यात एक गाणं सुरवातीपासून शेवटपर्यंत ऐकलेलं नसतं आणि मत मात्र तयार असतं, तेही कोणी न विचारता, तेही माझ्या तोंडावर, याचा संताप येतो.

आज सकाळचंच घ्या. ठाण्याहून वाशी लोकल, लेडीज डबा, कशीबशी चौथी सीट मिळालेली. माझ्या कानाला हेडफोन, बाहेर आवाजाचा टिपूस नाही. शेजारच्या बाई फोनचा स्पीकर फुल ठेवून रील्स बघतायत, तेच ते पंधरा सेकंदांचं गाणं आणि तेच ते खोटं हसणं, दिघा गेलं ऐरोली गेलं तरी चालूच, समोरचीची सिरीयल चालू, कोणी एक शब्द बोलत नाही. आणि या शेजारच्या बाईंची नजर माझ्या स्क्रीनवर गेली, तिथे आयर्न मेडन या मेटल बँडच्या अल्बमचं कव्हर, त्यावर असतो तो त्यांचा हाडकुळा भुतासारखा एडी. लगेच "शी, सकाळी सकाळी काय गं हे भुताचं". अहो बाई, तुमचा आवाज अख्खा डबा ऐकतोय, माझा मी एकटी ऐकतेय, आणि त्रास माझा होतोय तुम्हाला?

हेच घरी. गणपतीला मामाकडे कवटीचा टीशर्ट घालून गेले तर मामी म्हणाली देवासमोर असलं अभद्र नको. बरं म्हटलं, वाद नको, बदलला. आणि दहा मिनिटांत आरती सुरू, सुखकर्ता झाली, दुर्गे दुर्घट झाली, मग शंकराची. नीट ऐका कधी ती शब्द लावून. विक्राळ ब्रह्मांडांची माळ, विषाने काळा पडलेला गळा, तिसऱ्या डोळ्यात ज्वाळा! अख्खं घर झांजा बडवत, मान हलवत, शिरा ताणून गातंय, चार वर्षांच्या पोराला पण पाठ. मला ती आरती प्रचंड आवडते, लहानपणापासून सगळ्यात जास्त तीच, आणि मेटल मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा परकं का वाटलं नाही त्याचं कारणही तीच असणार. भीषण रूप बघून हात जोडायची सवय आपल्याला आधीपासून आहे. मग कवटी माझ्या टीशर्टवर आली की अभद्र कशी होते?

"नुसते ओरडतात" हे तर ऐकून ऐकून कान किटले. पोवाडा ऐकताना म्हणता का शाहीर ओरडतोय? तिथे अंगावर काटा येतो सगळ्यांच्या. ग्राउल करणं, म्हणजे मेटलमधलं ते गुरगुरत गाणं, म्हणजे घसा फाडणं नाही हो, खऱ्या स्वरतंतूंच्या वर अजून दोन पडदे असतात ते वापरतात, खालून श्वासाचा जोर लावावा लागतो, लोक त्यासाठी वर्षानुवर्षं रियाज करतात. चुकीचं केलं तर आवाज बसतो, मी स्वतः शिकायचा प्रयत्न करतेय म्हणून माहितीय.

आणि हे संगीत श्रीमंत घरच्या बिघडलेल्या पोरांचं आहे म्हणणाऱ्यांना तर मला समोर बसवून सांगायचंय. बर्मिंगहॅम, इंग्लंडमधलं कारखान्यांचं शहर. गिटार वाजवणारा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला, वय १७, कामाचा शेवटचा दिवस, आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. पोराने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून वाजवायला लागला, आणि ब्लॅक सॅबथ या त्याच्या बँडचा तो जड काळाकुट्ट आवाज त्या हातातून आला. पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७०. माझे बाबा वागळे इस्टेटला होते, प्रेस मशीनवर बोट गेलेले काका आमच्या घरी चहाला यायचे, ते तुटलेल्या बोटाने कप कसा धरायचे ते मला अजून दिसतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे संगीत कळायला काय अडचण आहे मला खरंच समजत नाही. त्या कारखान्यांच्या जागी आता काचेच्या बिल्डिंगी आल्या, त्यातल्याच एकीत मी पण जाते, पण म्हणून विसरायचं?

ऑफिसात वेगळाच वैताग. डेस्कवर एक छोटी गॅंडाल्फची, म्हणजे टॉल्किनच्या लॉर्ड ऑफ द रिंग्जमधल्या जादूगाराची मूर्ती ठेवलीय तर "अजून कार्टून बघतेस का गं?" लग्नाच्या वयाची झालीस वगैरे पुढचं असतंच. ऐका, मेटलवाल्यांइतकं वाचणारे लोक मला दुसरीकडे भेटलेले नाहीत. अमॉन अमार्थ हे बँडचं नावच टॉल्किनच्या पुस्तकातल्या डोंगराचं. ब्लाइंड गार्डियन या बँडने १९९८ साली टॉल्किनच्याच सिल्मरिलियनवर आख्खा अल्बम काढला, जे पुस्तक भल्याभल्यांकडून पन्नास पानांपुढे जात नाही. मेडनने कोलरिज या इंग्रज कवीची १७९८ ची कविता घेऊन १९८४ ला तेरा मिनिटांहून मोठं गाणं केलं, आमच्या वर्गात त्या कवितेच्या तासाला सगळे झोपायचे. आणि ख्रिस्तोफर ली, लॉर्ड ऑफ द रिंग्ज सिनेमातला सरुमान झालेला नट, त्या माणसाने ९१ व्या वाढदिवसाला मेटल अल्बम काढला! एक्क्याण्णव! आणि मला तिशीत ऐकवतात की या वयात शोभत नाही.

न ऐकता ठरवण्याचा रोग मोठमोठ्यांनाही असतो म्हणा. फ्रँक हर्बर्टच्या ड्यून कादंबरीवर गाणं लिहिलं मेडनने, मनापासून, पुस्तकाच्या प्रेमातून, आणि तेच नाव द्यायची परवानगी मागितली तर हर्बर्टच्या एजंटकडून उत्तर आलं की साहेबांना रॉक बँड आवडत नाहीत, त्यात हेवी रॉक तर नाहीच. १९८३ ला गाणं दुसऱ्या नावाने आलं. वाळवंटातला ग्रह कल्पनेत उभा करणाऱ्या माणसाला पाच केसाळ पोरं कल्पनेत बसेनात, हे वाचलं तेव्हा मला फार लागलं होतं.

आता आपल्यातल्या मेटलवाल्यांकडे वळते, कारण ते पण कमी नाहीत. बँडचा टीशर्ट घातलेली मुलगी दिसली की "तीन गाणी सांग बघू". का? तू कोण, टीसी? २०२२ मध्ये स्ट्रेंजर थिंग्ज या सिरीजमुळे मेटॅलिका बँडचं १९८६ चं गाणं लाखो पोरापोरींनी पहिल्यांदा ऐकलं तर आपले जुनेजाणते त्यांच्यावर तुटून पडले, खरे फॅन नाहीत म्हणून. आणि बँड स्वतः काय म्हणाला? सगळ्यांचं स्वागत आहे. माझी चुलतबहीण त्या सिरीजमुळेच आली मेटलकडे, आज ती मला नवीन बँड पाठवते, आणि तिला कॉलेजच्या ग्रुपमध्ये असल्याच एका दादाने इतकं छळलं की टीशर्ट घालणं सोडलं तिने. अशा माणसात आणि ट्रेनमधल्या बाईत मला काडीचा फरक वाटत नाही, ऐकून घ्यायचंच नाही दोघांना.

आणि आता मुख्य, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. घोडबंदर रोडला आमची सोसायटी, क्लबहाऊस आहे, मेंटेनन्स सगळे सारखाच भरतो. आम्ही चारपाच जण रविवारी दुपारी तिथे डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसलो होतो, वह्या, पेन्सिली, नकाशा, चिवडा, एवढंच. १९७४ पासून जगभर खेळतात लोक, गोष्ट रचत रचत खेळायचा खेळ, पैशाचा संबंधच नाही. सेक्रेटरी काका आले, वीस बाजूंचा फासा उचलला, दोन बोटांत धरून उलटासुलटा केला आणि म्हणाले, "इथे जुगार चालणार नाही." समजावलं, वह्या उघडून दाखवल्या, काका बघायलाच तयार नाहीत, वर "ही सैतानाची चित्रं कसली?" अमेरिकेत ऐंशीच्या दशकात याच खेळावरून आणि याच संगीतावरून हीच बोंब मारून झालीय, आणि आमच्या सोसायटीला ती आत्ता सुचतेय. काका, तो ड्रॅगन आहे. आणि याच हॉलमध्ये गणपतीत जागरणाच्या नावाखाली पहाटेपर्यंत तीन पत्ती चालते, नोटा टेबलावर असतात, तुम्ही स्वतः पत्ते पिसता, आख्ख्या बिल्डिंगला माहितीय!

लेखी अर्ज दिलाय. खेळाचे नियम झेरॉक्स करून जोडलेत, मराठीत एक पान समजावून पण लिहिलंय मी. कमिटीचं उत्तर, "मीटिंगमध्ये बघू." एकाने तरी ते पान वाचलं का विचारलं तर म्हणे फाईलला लावलंय.